टाळी

परवा स्टाफरूममधे एक ज्युनिअर मॅडम म्हणाल्या, सर आताची पोरं फार ओपन आहेत हो, एलजीबीटी वगैरे सगळं माहीत असतं त्यांना. माहीत असतं हे खरंय, जून महिन्यात इन्स्टावर इंद्रधनुष्य पण लावतात. पण तीच पोरं कॅन्टीनमधे कुणी जरा हळवं बोललं की 'गे आहेस काय बे' म्हणतात आणि अख्खं टेबल हसतं. विचारलं तर 'मस्करी आहे सर'.

आमच्या वेळी 'गे' नव्हता, 'बायल्या' होता. आमच्या मेडिकलच्या होस्टेलला कॉरिडॉरच्या टोकाला एक मुलगा राहायचा, आवाज बारीक, बोलताना हात फार हलायचे. तो गे होता का ते मला आजही माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही कुणाला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मेसमधे तो आला की कुणीतरी हळूच टाळी वाजवायचं, बास. अंगाला हात नाही, शिवी नाही, मग तक्रार करायची तर कशाची, टाळीची? सेकंड इयरला तो बाहेर खोली घेऊन राहायला गेला, आम्ही म्हटलं अभ्यासासाठी गेला असेल. मी कधी टाळी वाजवली नाही. हसायचो मात्र, कारण जो हसला नाही त्याचा पुढचा नंबर.

मला तर वाटतं यात समलिंगी माणसाचा द्वेष कमी आणि बाईपणाची किळस जास्त आहे. 'मुलीसारखा रडतोस काय' हे बालवाडीपासून ऐकतो आपण, शिवी काय तर बायल्या. म्हणूनच कबड्डी खेळणारा दणकट गे मुलगा आरामात सुटतो आणि नाजूक स्ट्रेट मुलगा भरडला जातो. मुलींच्या होस्टेलला टाळी नसायची असं बायको सांगते, तिथे गुपचूप रूम बदलून मागायच्या.

बरं, आम्हा होणाऱ्या डॉक्टरांना वर्गात काय मिळालं? फॉरेन्सिकच्या पुस्तकात हा विषय बलात्काराच्या शेजारी, 'अनैसर्गिक गुन्हे' म्हणून. शिकवणाऱ्या सरांनी डोळा मारला, हॉल हसला, त्या रात्री मेसमधली टाळी जरा जोरात वाजली. डब्ल्यूएचओने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलेली, ते कुणी बोललंच नाही. पुढे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने 'अनैसर्गिक' संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, मद्रास हायकोर्टाने मेडिकलच्या पुस्तकांवरून कान उपटले, अभ्यासक्रम सुधारला पण. आणि ऑगस्ट २०२४ मधे एनएमसीच्या, म्हणजे मेडिकल शिक्षणावर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या, नव्या अभ्यासक्रमात लेस्बियन संबंध परत अनैसर्गिक गुन्ह्यांत! ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला मागे घेतला म्हणा. जुनी फाइल तशीच चिकटवली की मुद्दाम घातलं देव जाणे, पण एवढ्या टेबलांवरून ते गेलं आणि कुणाला खटकलं नाही.

मुलं आजीच्या सोवळ्याओवळ्यातून हे शिकतात असं आपण म्हणतो. माझी आजी तर साडी नेसून यल्लम्माचा जोगवा मागणाऱ्या जोगत्याला घरात बसवून चहा द्यायची हो.

२०१६ पासून यूजीसीच्या रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून छळणं, एकटं पाडणं हेही येतं. दरवर्षी पोरं अन पालक दोघंही अँटी-रॅगिंगचं अंडरटेकिंग भरतात. यंदा फर्स्ट इयरच्या वर्गात विचारलं, त्यात काय लिहिलंय कुणी वाचलं का?

मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'सर, सायबरवाल्यानेच भरून दिला.' सगळे हसले. मीपण.