खुलासा : महागड्या तारेनं आवाज ‘उघडतो’ का?

लातूर-नांदेडकडच्या गाणं ऐकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “मोजमापं काही सांगत नाहीत, कान सांगतात. स्पीकरला भारी तार लावा, आवाज उघडतो.” हे खरं नाही.

दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध (विजेला होणारा अडथळा) मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर त्यानं आवाज घटतो जेमतेम ०.१३ डेसिबल. गाणं ऐकताना एवढं कळत नाही.

मग फरक जाणवतो कसा? किंमत माहीत असते. शिवाय दुसऱ्या खेपेला व्हॉल्यूम किंचित जास्त असला, तरी तोच आवाज सरस वाटतो. म्हणून स्पीकरच्या टर्मिनलवर (तार जोडतात तिथे) व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर लावून दोन्ही वेळचा व्होल्टेज जुळवा आणि कुठली तार चालू आहे हे न सांगता ऐकवा.

स्पीकर मात्र जरूर कानांनी निवडा, तेही स्वतःच्या घरात. शहाबादी फरशीच्या मोकळ्या खोलीत तो दुकानातल्यासारखा वाजत नाही. पण सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून उरलेले चार पैसे कुणाला तारेत घालायला लावणं मला अजिबात पटत नाही. त्या पैशांत जाड सतरंजी आणि पडदे घ्या. खोलीतला घुमारा खरोखर कमी होतो.