जीवनसत्त्वांनी मुरुमं जातात का? एका लाडक्या दाव्याची तपासणी

फोनवरून फोनवर फिरणारा मजकूर साधारण असा असतो: मुरुमं हा त्वचेचा आजार नाहीच. पोटातली घाण आणि जीवनसत्त्वांची कमतरता चेहऱ्यावर दिसते, एवढंच. तेलकट आणि चॉकलेट बंद करा, रक्त शुद्ध करायला भरपूर पाणी प्या, व्हिटॅमिन ए, झिंक, बी-कॉम्प्लेक्स आणि बायोटिन सुरू करा, ३० दिवसांत चेहरा स्वच्छ. डॉक्टरांची औषधं वरवरची, मुळावर घाव घालत नाहीत. खाली 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो.

हे सगळंच खोटं असतं तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं. पण आहाराचा मुरुमांशी थोडा संबंध आहे, आणि नेमका तो कुठे आहे हे या मजकुराला माहीत नाही.

'हा त्वचेचा आजार नाहीच'

आहे. मुरूम तयार होतो तो केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नलिकेत. वयात येताना अँड्रोजेन ही 'पुरुषी' हार्मोन्स वाढतात, मुलींमध्येही, आणि तैलग्रंथी जास्त सीबम, म्हणजे त्वचेचं तेल, सोडू लागतात. त्याच सुमारास नलिकेच्या आतल्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत कोंडलेल्या सीबमवर क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा जंतू फोफावतो (तो आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, अस्वच्छतेचा दोष नाही), मग सूज, लाली, पू. या साखळीत पोट साफ असण्या-नसण्याला जागा नाही.

कोणाला मुरुमं येणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या बहिणींच्या २००२ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात, मुरुमांच्या प्रमाणातल्या फरकापैकी सुमारे ८१ टक्के फरकाचा उलगडा जनुकांमधून होत होता. जुळ्या बहिणी सहसा एकाच घरात, एकाच पद्धतीचं जेवून वाढतात. तरी ज्यांची जनुकं तंतोतंत सारखी, त्यांच्यातलं साम्य इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. मुरुमं आलेल्या मुलीला 'तू खातेसच वेडंवाकडं' असं सुनावणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा.

'रक्त शुद्ध करा, पाणी प्या'

रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं न सांगता करतात. जास्त पाणी पिऊन मुरुमं कमी होतात असा भरवशाचा पुरावा नाही. तहान लागेल तसं प्यावं.

'तेलकट आणि चॉकलेट बंद करा'

चेहऱ्यावरचं तेल खाल्लेल्या तेलातून झिरपून येत नाही, ते तैलग्रंथी स्वतः बनवतात. बाहेरून चोपडलेलं तेल किंवा जाड क्रीम मात्र रंध्रं बुजवू शकतं. कपाळावरच्या केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या येत असतील तर खाण्याआधी केसांना काय लावता ते पाहा.

चॉकलेटची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चार आठवडे रोज चॉकलेटची वडी आणि चार आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी देण्यात आली. मुरुमांत फरक पडला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी 'खाण्याचा काही संबंध नाही' असं ठासून सांगत राहिली. पण त्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ जवळपास तेवढेच होते! म्हणजे तपासला गेला तो फक्त कोको. साखरेचा प्रश्न तिथेच राहिला, आणि खरं पाणी तिथेच मुरत होतं.

साखर, पांढरा पाव, गोड पेयं यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि तिच्यामागून इन्शुलिन. इन्शुलिनबरोबर आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाची क्रिया वाढते आणि तो तैलग्रंथींना चेतवतो. लॅरॉन सिंड्रोम या दुर्मिळ आजारात शरीर आयजीएफ-१ जवळजवळ बनवतच नाही. अशा लोकांना मुरुमं सहसा येत नाहीत, आणि उपचार म्हणून आयजीएफ-१ दिलं की काहींना येतात. २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १,२०० रहिवाशांच्या तपासणीत एकालाही मुरुमं आढळली नाहीत, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. त्यांचं अन्न वेगळं, तशी जनुकं आणि राहणीही वेगळी.

जास्त वजनदार आहे तो २००७ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग. १५ ते २५ वर्षांचे ४३ तरुण, १२ आठवडे. एका गटाला रक्तातली साखर हळू चढवणारा आहार, दुसऱ्याला नेहमीसारखा. पहिल्या गटात मुरुमं सरासरी २३.५ ने कमी झाली, दुसऱ्यात १२ ने. फरक खरा आहे. आहार बदललेल्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हा प्रश्न उरतो, आणि माणसं मोजकीच होती.

आता त्या १२ कडे बघा. आहार न बदलता, निव्वळ सौम्य क्लीन्झर वापरून आणि दिवस जाऊ देऊन १२ मुरुमं गेली. मुरुमं चढतात-उतरतात, आणि माणूस उपाय शोधायला लागतो तो ती सर्वांत जास्त असताना. त्यानंतर काहीही केलं तरी 'नंतर'चा फोटो बरा येण्याची शक्यता असतेच. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या दोन फोटोंवरून काही सिद्ध होत नाही.

दुधाबाबत पुरावा याहून कच्चा. स्निग्धांश काढलेलं दूध जास्त पिणाऱ्यांत मुरुमं थोडी जास्त दिसतात, पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. वाढत्या वयात केवळ एवढ्यावरून दूध तोडू नये. व्यायामशाळेत जाणारा मुलगा व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पूड) घेत असेल आणि त्यानंतरच छाती-पाठ मुरुमांनी भरली असेल, तर दोन-तीन महिने ते थांबवून पाहणं रास्त आहे.

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहार आणि जीवनसत्त्वं या दोन्हींविषयी शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलं आहे. साखर कमी करण्यात तोटा काहीच नाही, म्हणून मी तिला हरकत घेणार नाही. बाटलीतल्या गोळ्यांचं तसं नाही.

'व्हिटॅमिन ए, झिंक, बी-कॉम्प्लेक्स'

ए जीवनसत्त्वाचा मुरुमांशी संबंध आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा धोक्याचा आहे. तीव्र मुरुमांवरचं सर्वांत प्रभावी औषध आयसोट्रेटिनॉइन हे याच कुळातलं, १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. त्याआधी डॉक्टरांनी खुद्द ए जीवनसत्त्व देऊन पाहिलं होतं. मुरुमं कमी झाली, पण मात्रा होती रोज तीन ते पाच लाख युनिट. मोठ्या माणसासाठी सुरक्षित कमाल मर्यादा आहे सुमारे दहा हजार युनिट. त्यापलीकडे सतत घेतलं तर यकृताला इजा, कवटीतला दाब वाढून डोकेदुखी आणि नजर धूसर होणं, गर्भवतीच्या पोटातल्या बाळात व्यंग. थोडक्यात, दुकानातल्या साध्या गोळीने उपयोग नाही, आणि उपयोग होईल इतकी मात्रा घरी घेण्याजोगी नाही. आयसोट्रेटिनॉइनही गर्भाला घातकच आहे, पण ते रक्ततपासणी आणि गर्भनिरोधनाच्या शिस्तीत दिलं जातं. ते किंवा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असताना वरून ए जीवनसत्त्व घेणं तर टाळायलाच हवं.

गाजरातल्या बीटा-कॅरोटिनचं शरीर गरजेपुरतंच ए बनवतं. फार गाजरं खाल्ली तर तळहात पिवळसर होतील, मुरुमं जागच्या जागी.

झिंक हा या यादीतला सर्वांत बरा उमेदवार. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३३२ रुग्णांना तीन महिने झिंक किंवा मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. झिंकचा चांगला गुण आला ३१.२ टक्के लोकांना, मिनोसायक्लिनचा ६३.४ टक्क्यांना. अगदी निरुपयोगी नाही, पण निम्म्यावर. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, आणि रोज ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ गेलं तर शरीरातलं तांबं कमी पडू लागतं.

बी-कॉम्प्लेक्सची शिफारस तर उलटीच. बी-१२ ने काहींना मुरुमं येतात. २०१५ च्या एका संशोधनात दिसलं की बी-१२ वाढल्यावर त्वचेवरच्या त्याच जंतूचा कारभार बदलतो आणि तो सूज आणणारी पॉर्फिरिन्स जास्त बनवू शकतो. कमतरता असेल तर बी-१२ घ्यायलाच हवं, पण चेहऱ्यासाठी नव्हे. बायोटिनने मुरुमं जातात याला पुरावा नाही. मोठ्या मात्रेत ते थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकवू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

'औषधं वरवरची, ३० दिवसांत चेहरा स्वच्छ'

आज दिसणाऱ्या मुरुमाचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसायला लागलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यातलं आजच तयार होतंय. म्हणून कुठल्याही उपायाला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. अॅडापलीन हे चेहऱ्याला लावायचं औषध बूच बसू देत नाही, बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि त्याला जंतू सरावत नाहीत. आयसोट्रेटिनॉइन तर तैलग्रंथीच आक्रसवतं. याहून आणखी मूळ कोणतं हवं? सुरुवातीला अॅडापलीनने त्वचा कोरडी पडते, सोलवटते. बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात आणि मग 'औषधाचा उपयोग नाही' म्हणतात. एक दिवसाआड, वाटाण्याएवढं लावून सुरुवात केली तर निभतं.

दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर आहाराचा प्रयोग आटोपेपर्यंत थांबू नका, कारण खड्डे नंतर पूर्ण भरत नाहीत. साखर कमी करणं औषधाच्या जोडीने पहिल्या दिवसापासून करता येतं. मुलींमध्ये मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा, म्हणजे पीसीओएसची (बीजाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी वेळेत होईल.