खून बोटीवर, उलटतपासणी कोथरूडात

शनिवारी रात्री जेवणं झाली आणि बायको म्हणाली आज काहीतरी हलकंफुलकं लावू, डोक्याला ताप नको, एखादा खून वगैरे. आमच्याकडे हलकंफुलकं म्हणजे खूनच. फक्त रक्त दिसायला नको, मेलेल्यासाठी कुणी रडायला नको, सगळे संशयित इस्त्रीच्या कपड्यात एकाच जागी सापडायला हवेत आणि तपास करणारे नवराबायको असतील तर सोन्याहून पिवळं. अर्धा तास रिमोटची झटापट करून शेवटी २०१९ चा 'मर्डर मिस्ट्री' लावला, अ‍ॅडम सँडलर आणि जेनिफर अ‍ॅनिस्टनचा. ९७ मिनिटांचा पिक्चर. आम्हाला तीन तास लागले.

तर न्यूयॉर्कचा एक पोलीस असतो, डिटेक्टिव्हच्या परीक्षेत नापास, पण बायकोला थाप मारून ठेवलीये की मी डिटेक्टिव्ह झालो. लग्नात तिला युरोप कबूल केलेलं, त्यालाही १५ वर्षं झाली. (मी सिंगापूर कबूल केलेलं, अजून सिंहगडच चालू आहे.) बायको हेअरड्रेसर आणि रहस्यकथांची वेडी. आता ही थाप सुरुवातीलाच कळते, आणि ती कळली तेव्हा आमच्या हिने टीव्ही सोडून माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. मी उगाच शेंगदाण्याची वाटी पुढे केली.

त्याचं काय आहे, मी मिळकतकर भरला नव्हता. ३१ मेच्या आत भरला की सूट मिळते, पाच-दहा टक्के, आणि पुण्यात पाच टक्क्यांसाठी माणूस काय काय करतो हे मी वेगळं सांगायला नको. पीटी-३ फॉर्म वगैरे भरून स्वतःच्या घरात स्वतःच राहतो म्हणून मिळणारी ४० टक्के सवलत हिनेच मिळवलेली, माझ्याकडे फक्त पैसे भरायचं काम होतं. ऑनलाइन भरताना ओटीपी आला नाही, म्हटलं उद्या बघू, मग जून लागला आणि कधीतरी तोंडातून निघून गेलं की भरला बुवा, वॉर्ड ऑफिसात जाऊन, दोन तास रांगेत उभं राहून. रांग कशाला घातली मी त्यात देव जाणे, पण थाप मारताना माणूस वाहवत जातो.

इकडे पिक्चरमधले नवराबायको युरोपात एका अब्जाधीशाच्या बोटीवर, पार्टी सुरू. तो म्हातारा अब्जाधीश जाहीर करतो की मृत्युपत्र बदलणार, आणि फट्कन लाईट जातात.

"गुरुवार असेल," सासरे म्हणाले.

सासरे आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात पण झोपलेले नसतात. लाईट येतात तर म्हातारा खलास, अंगात खंजीर. संशयितांत एक भारतीय महाराजा पण आहे. त्यावर सासऱ्यांनी पिक्चर पॉज करायला लावून सांगितलं की संस्थानिकांचे सरकारी तनखे १९७१ ला बंद झाले, हा कुठला महाराजा, याला आधी आत घ्या. दहा मिनिटं तनख्यांवर गेली. मग चहा झाला.

चहा होईपर्यंत हिने खुनी ठरवलेला असतो. ही लायब्ररीतल्या रहस्यकथांवर वाढलेली, शनिवार पेठेत माहेर, आणि तिची एक जुनी जखम आहे. त्या लायब्ररीत कुणीतरी नतद्रष्ट प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवायचा, 'खुनी: डॉक्टर. पान १४२.' पान नंबरासकट! तेव्हापासून हिला कुणी सांगायच्या आत आपणच ओळखायची सवय लागली, आणि त्या सवयीचा मुख्य लाभार्थी मी.

"पावती कुठाय रे?" कपात बिस्किट बुडवत ती म्हणाली.

"कसली?"

"दोन तास रांगेत उभा होतास ना?"

"हो म्हणजे काय."

"आणि घरी येऊन पाय दुखले म्हणाला नाहीस? मागे दोन दिवस लिफ्ट बंद होती तर तू आठवडाभर गुडघ्यांचं सांगत होतास. दोन तासांची रांग तू मला एका वाक्यात सांगितलीस. शक्यच नाही. शिवाय त्या दिवशी शर्टावर तर्री होती, मी घासलीये ती. वॉर्ड ऑफिसात मिसळ देतात का आता?"

टीव्हीवर ते दोघं पोलिसांपासून पळत होते, कारण त्या फ्रेंच इन्स्पेक्टरला यांचाच संशय. पिक्चरमधल्या नवऱ्याची एक सोय बरी आहे, त्याची थाप पचवायला मध्ये एक-दोन मुडदे तरी पडतात. माझ्याकडे होतं काय, शेंगदाणे. मी कबूल केलं. सूट गेली, वर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते तेही तिनेच सांगितलं, आणि मग "चालू कर" म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

पिक्चर कोमो सरोवरापर्यंत आला, हिने एव्हाना तीनदा खुनी बदलला होता आणि तिन्ही वेळा "मी म्हटलंच होतं" म्हणून झालं होतं. शेवटची वीस मिनिटं राहिली आणि आरामखुर्चीतून, डोळे मिटलेलेच, शांत आवाज आला. नाव. खुनाचं कारण. वर पुरावा कुठे आहे तेही.

"बाबा!! तुम्ही पाहिलाय हा?"

"मागच्या आठवड्यात, दुपारी. तुम्ही नव्हता घरी."

ही काहीच बोलली नाही. रिमोट हळूच खाली ठेवला आणि दोन तासांपूर्वी माझ्याकडे बघितलेलं ना, अगदी तसंच बघायला लागली, फक्त यावेळी खुर्चीकडे.

"बाबा, आपल्या लायब्ररीतली ती पेन्सिल..."

सासरे उठले, चष्मा खिशात टाकला, धोतराचा सोगा सावरला. "चला जावईबापू, झोपा. उद्या टॅक्स भरायचाय."