दोन ऑफिस टाकल्याने वर्ड बिघडत नाही

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या वाचनालयांच्या, सोसायट्यांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मायक्रोसॉफ्ट ऑफिस असलेल्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखीच कामं करणारं फुकट ऑफिस) टाकू नका, टाकलंत तर वर्ड बिघडतं, मशीन स्लो होतं, लायसन्स रद्द होतं, जुन्या फायली करप्ट होतात आणि मराठी फॉन्ट उडतात. खेड्यातल्या एखाद्या वाचनालयाने या भीतीपोटी फुकट मिळणारं चांगलं साधन नाकारलं, तर नुकसान त्या वाचनालयाचंच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"वर्ड बिघडतं." नाही बिघडत. दोन्ही प्रोग्राम वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसतात, दोघांची सेटिंग्ज वेगळी राहतात, एकमेकांच्या फायलींना ते हात लावत नाहीत. बदलू शकते ती एकच गोष्ट: डबल क्लिक केल्यावर डॉक्एक्स, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, कशात उघडायची. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडली, आयकॉन वेगळा दिसला, की माणसाला वाटतं वर्ड गेलं. वर्ड जागच्या जागी असतं. फाइलवर राइट क्लिक करा, 'ओपन विथ'मध्ये जाऊन वर्ड निवडा आणि नेहमी यातच उघड असं सांगा, झालं. लिब्रेऑफिस टाकताना 'कस्टम' पर्याय घेतला, तर वर्ड-एक्सेलच्या फायली कुणाकडे ठेवायच्या हे तिथेच ठरवता येतं.

लायसन्सचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. लिब्रेऑफिस मोझिला पब्लिक लायसन्सखाली मिळतं, हव्या तितक्या मशीनवर टाकायला मोकळीक आहे. मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सशी त्याचा काही संबंध येत नाही.

"मशीन स्लो होतं." लिब्रेऑफिस डिस्कवर साधारण दीड जीबी जागा घेतं. उघडलेलंच नसेल तर ते मेमरी खात नाही. अपवाद फक्त 'क्विकस्टार्टर'चा (लिब्रेऑफिस लवकर उघडावं म्हणून त्याचा काही भाग आधीच मेमरीत ठेवणारी सोय), आणि तो बंद ठेवता येतो. मशीन खरंच रखडत असेल तर आधी दुसरीकडे बघा. अँटीव्हायरस बंद करायला लावून 'ॲक्टिव्हेट' केलेलं चोरीचं ऑफिस आपल्याकडे किती मशीनवर आहे, हे दुरुस्तीवाल्यांना विचारा. व्हायरस येतो तो त्या वाटेने.

मग हा समज आला कुठून? काही खऱ्या अडचणी आहेत, पण त्या वेगळ्या जोड्यांच्या. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या 32 बिट आणि 64 बिट आवृत्त्या एका मशीनवर एकत्र चालत नाहीत, हे खुद्द कंपनीच सांगते. लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने टाकली की जुनीची जागा घेते. आणि उबुंटू या लिनक्स सिस्टीमवर लिब्रेऑफिस असताना ओपनऑफिस या दुसऱ्या फुकट ऑफिसचं मेनूचं पॅकेज टाकायला गेलं, तर 'एसऑफिस' या एकाच नावाच्या फाइलवरून दोघांचं भांडण लागतं. आपल्याकडे बरेच जण दोघांनाही 'ओपन ऑफिस' म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. 2010 साली ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि पुढच्या वर्षी ओपनऑफिस अपाचे या संस्थेकडे गेलं. आज दुसरं ऑफिस टाकायचं असेल तर लिब्रेऑफिसच टाका. अपाचे ओपनऑफिस डॉक्एक्स उघडतं, पण डॉक्एक्समध्ये सेव्ह करत नाही.

"जुन्या फायली करप्ट होतात." प्रोग्राम टाकल्याने तुमच्या फायलींना धक्काही लागत नाही. फाइल बदलते ती तुम्ही सेव्ह केल्यावर. वर्डमध्ये केलेलं टेबल लिब्रेऑफिसमध्ये थोडं सरकतं, एक ओळ पुढच्या पानावर जाते, एक्सेलचे सगळे मॅक्रो (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) चालत नाहीत, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जी फाइल ज्यात जन्मली ती त्यातच दुरुस्त करा, बाहेर पाठवताना पीडीएफ करा. कोर्टाचं प्रतिज्ञापत्र असो की सोसायटीचा ताळेबंद, या सवयीने निम्मी डोकेदुखी जाते. एकच फाइल दोन्हींत एकदम उघडली, तर दुसरा प्रोग्राम ती नुसती वाचायला देतो.

आता फॉन्ट. आपल्या भागात हा मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे, कारण एकाच कागदावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा येतात: पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, सोबतचं निवेदन मराठीत, नावं-पत्ते इंग्रजीत. फॉन्ट उडाले असं जे म्हणतात, त्यात दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात.

पहिला, श्रीलिपी, आकृती किंवा कन्नडच्या जुन्या नुडी अशा टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर. या फायलींत देवनागरी किंवा कन्नड अक्षरं नसतातच; आत दुसरीच चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना आपल्या अक्षरांचा वेष चढवतो. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे वर्डमध्येही अगम्य काहीतरी दिसतं. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी आजची पद्धत), कचरा दिसला तर जुना फॉन्ट. ही परीक्षा एका मिनिटाची आहे आणि दोष लिब्रेऑफिसचा नाही हे तिथेच कळतं.

दुसरा प्रकार युनिकोडचा. विंडोज 10 पासून मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फॉन्ट ऐच्छिक झाले; ती भाषा सिस्टीममध्ये जोडली की येतात, नाहीतर नाही. शिवाय लिब्रेऑफिस मराठी आणि कन्नड या दोन्हींसाठी फॉन्टचा एकच रकाना वापरतं, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'चा. तिथे मंगल ठेवलं तर कन्नड ओळीला अक्षरं मिळत नाहीत आणि ती भलत्याच फॉन्टात दिसते. निर्मला यूआय ठेवा. त्यात देवनागरीही आहे, कन्नडही आहे, आणि विंडोज 8 पासून तो सिस्टीमसोबतच येतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट चालू आहे ना, एवढं पाहून घ्या.

जुन्या फॉन्टमधली इतिवृत्तं, सभासदांच्या याद्या, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका सवडीने युनिकोडमध्ये आणायलाच हव्यात, ऑफिस एक असो वा दोन. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकारावर एकदा नजर फिरवा, तिथेच चुका राहतात. आणि मूळ फाइल पुसू नका.