तक्रार क्रमांक 32365699

मे महिन्याच्या भर दुपारी सोलापुरात वीज गेली की माणसाला पहिली आठवण पंख्याची होते आणि दुसरी तक्रार केंद्राची. तीनदा फोन लावल्यावर एका यंत्रातल्या गोड आवाजाने माझी तक्रार नोंदवून घेतली आणि आठ आकडी क्रमांक दिला : 32365699. वीज कधी येणार, याविषयी मात्र त्या आवाजाने मौन पाळले. हाताशी जुन्या बिलाची कोरी बाजू, खांद्यावर ओला पंचा आणि समोर रिकामी दुपार असताना निवृत्त कारकुनाने दुसरे काय करावे? ही मूळ संख्या आहे का, ते मी पाहू लागलो.

शेवटी नऊ असल्यामुळे दोन आणि पाच आपोआप बाद झाले. अंकांची बेरीज 43 भरली, म्हणून तीनही गेला. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले होते. तेव्हा लगोलग 43 नेही भागून पाहिले. बाकी 29 उरली. तक्रार क्रमांक हर्षद निघावा, ही अपेक्षाच भाबडी होती.

सात, अकरा आणि तेरा यांच्यासाठी एक झकास युक्ती आहे. या तिघांचा गुणाकार 1001 होतो, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवावेत आणि वजा करावेत. 699 वजा 365 अधिक 32, म्हणजे 366. याला सातने भागा की तेराने, बाकी 2 च उरते; अकराने भागल्यास 3. तिघांचा निकाल एका ओळीत लागला, आणि या आनंदात मी असतानाच, मिक्सर बंद म्हणून शेंगांची चटणी उखळात कुटत बसलेली आमची ही म्हणाली, "अहो, शेजारी लाइट आहे का, तेवढं तरी बघा!"

मी सतरावर होतो. येथून पुढे युक्त्या संपतात आणि निव्वळ भागाकार उरतो. या संख्येचे वर्गमूळ 5689 च्या जेमतेम पुढे जाते, म्हणजे तिथवरच्या जवळजवळ साडेसातशे मूळ संख्या तपासणे आले. घामाचे थेंब पडून आकडे फिसकटू लागले. 89 ला बाकी 48 उरली, तेव्हा कागद आणि धीर दोन्ही एकदमच संपले. ही मूळ संख्याच आहे, असे मी घरात जाहीर करून टाकले.

सुटीला आलेल्या नातीने मोबाइलवर बोटे चालवली. "आजोबा, 97 ने भाग जातो. 97 गुणिले 333667."

89 नंतरची मूळ संख्या 97 च! चोवीस दारे ठोठावून मी पंचविसाव्याच्या उंबरठ्यावरून परतलो होतो. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोघी शोधणे महाकठीण, आणि इंटरनेटवरची कित्येक गुपिते शेकडो अंकी संख्यांच्या याच अडचणीच्या भरवशावर सुरक्षित राहतात, असे मी तिला घाईघाईने ऐकवले.

"पण ही तर आठच अंकी आहे ना?" ती म्हणाली.

दिवेलागणीला, म्हणजे दिव्याविनाच, मी पुन्हा फोन लावला. माझ्या तक्रारीचे निवारण झाल्याचे त्याच गोड आवाजाने कळवले. घरात अंधार असल्याचे सांगण्यासाठी नवी तक्रार नोंदवावी लागली आणि नवा क्रमांक मिळाला. मी कागद पुढे ओढला, आणि पेनाचे टोपण पुन्हा लावून टाकले. शेवटचा अंक शून्य होता.