सगळ्या फुलझाडांना अ‍ॅसिडिक माती लागते? नाही!

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय की कुठल्याही फुलझाडाच्या कुंडीत वापरलेली कॉफी पावडर नाहीतर व्हिनेगरचं पाणी टाका, माती अ‍ॅसिडिक होते आणि झाड फुलांनी लगडतं. प्लीज असं सरसकट करू नका.

पीएच म्हणजे माती किती अ‍ॅसिडिक आहे ते सांगणारा आकडा. ७ म्हणजे न्यूट्रल, त्याखाली अ‍ॅसिडिक, त्यावर अल्कलाइन. बहुतेक फुलझाडं ६ ते ७ मधे मजेत असतात, गुलाब पण त्यातच आला. खरी अ‍ॅसिडिक माती हवी असते ती अझेलिया, कॅमेलिया, गार्डेनिया अशा झाडांना, साधारण ४.५ ते ६, आणि लॅव्हेंडरला तर उलट थोडी अल्कलाइन चालते. आणि ६ वरून ५ वर येणं म्हणजे अ‍ॅसिडिटी दहापट वाढणं, म्हणून अंदाजाने ओतत बसणं मला अजिबात पटत नाही.

कॉफीचं म्हणाल तर अ‍ॅसिड बरंचसं तुमच्या कपात उतरलेलं असतं, उरलेला चोथा जवळपास न्यूट्रल असतो, आणि जाड थर दिला की वर पापडी धरते आणि पाणी खाली जातच नाही. व्हिनेगरचा परिणाम फार टिकत नाही, पण जास्त झालं तर मुळं भाजतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर आधी पीएच तपासा, बऱ्याचदा क्षारयुक्त पाण्याने माती अल्कलाइन होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. अझेलियासारखं झाड लावायचंच असेल तर सुरुवातीलाच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट मॉसचं (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचं) मिक्स वापरा आणि शक्य तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या.