हवामानबदलाचं दालन कसं थाटावं

तुमच्या हाती एखादं संग्रहालय आहे आणि हवामानबदलावर दालन काढायची हौस आली आहे? उत्तम. फक्त वितळता बर्फ, अस्वलं, आलेख असल्या भानगडीत लगेच पडू नका. आधी दारावरच्या पाटीचं बघा.

त्यासाठी लंडनच्या सायन्स म्युझियमचा कित्ता गिरवावा. २०२१ साली त्यांनी हवेतला कार्बन शोषून घेण्याच्या तंत्रांवर प्रदर्शन भरवलं, सौजन्य शेल. होय, तीच तेलवाली. करारात कलम होतं की प्रायोजकाच्या नावलौकिकाला बाधा येईल असं संग्रहालयाने काही बोलू नये. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' हे आपण नुसतं तोंडाने म्हणतो. तिकडे ते वकिलाकडून लिहून घेतात.

त्याच वर्षी पुढच्या दालनासाठी अदानी ग्रीन एनर्जीचं नाव जाहीर झालं. याच समूहाची ऑस्ट्रेलियात कोळशाची खाण आहे, पण पाटीवर 'ग्रीन' आहे ना, झालं तर मग! दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले, माजी संचालक क्रिस रॅपली सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तुमच्याकडेही असं होईल. होऊ द्या. राजीनामे काचेच्या कपाटात मांडावे लागत नाहीत. मार्च २०२४ मध्ये दालन उघडलं.

आता मजकूर. इथे शाळेतला कर्मणी प्रयोग कामी येतो. 'कोळसा जाळला गेला.' 'जंगलं तोडली गेली.' कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण, परीक्षेत मार्कही पूर्ण. अगदीच कर्ता हवा असेल तर 'आपण' घाला. 'आपण' म्हटलं की तेलकंपनी आणि दुधाची पिशवी धुऊन ठेवणारी आजी एका पंगतीला बसतात.

याहून धीट असाल तर वॉशिंग्टनला जा. तिथल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात २०१० साली मानवाच्या उगमाचं दालन झालं. दीड कोटी डॉलर दिले तेलउद्योगातल्या डेव्हिड कोक यांनी. हवामान पूर्वीही बदलत होतं आणि त्याला तोंड देतच माणूस घडला, हे तिथलं सूत्र. खोटं नाही हो! अर्धंच सांगायचं, इतकंच.

एक वस्तू मात्र विसरू नका. लंडनच्या त्या नव्या दालनात १८९७ची विजेवर चालणारी टॅक्सी ठेवली आहे. फार उपयोगी. सहलीला आलेलं एखादं आगाऊ पोर 'सर, पण कोळसा जाळला कोणी?' असं विचारणारच. त्याला हळूच टॅक्सीपाशी न्या, फोटो काढू द्या.